पंचकुल्याचा विजेता दिल्लीत का खेळतो?

४ मार्च २०२३ रोजी राऊंडग्लास पंजाब या संघाने राजस्थान युनायटेडवर ४-० असा विजय मिळवून आय-लीगचे अजिंक्यपद निश्चित केले. बावीस सामन्यांत ५२ गुण आणि स्लोव्हेनियन आघाडीवीर लुका मायसेन याचे १६ गोल, ही त्या हंगामाची कमाई. खेळाच्या पानावर एवढ्याने बातमी पुरी झाली. पण हिंदी फुटबॉलच्या इतिहासात त्या हंगामाचे महत्त्व वेगळेच आहे. केवळ मैदानावरील कामगिरीच्या बळावर, प्रवेशशुल्काची थैली न मोकळी करता, दुय्यम श्रेणीतून इंडियन सुपर लीगमध्ये गेलेला हा पहिला संघ होय.

यात नवल वाटण्याजोगे काय, असे कोणी विचारील. जगभर हाच शिरस्ता आहे: जिंकेल तो वर जातो, हरेल तो खाली येतो. आपल्याकडे मात्र २०१४ साली सुपर लीग सुरू झाली ती मक्तेदारांच्या बंद दालनासारखी. ज्याने पैसा मोजला त्याला आत जागा, बाकीच्यांनी दाराशी उभे राहावे! २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलने आय-लीग जिंकली, त्याला दार उघडले नाही. पुढच्याच वर्षी, ८ मार्च २०१८ रोजी, पंचकुल्याच्या ताऊ देवीलाल मैदानावर चर्चिल ब्रदर्सला नमवून मिनर्व्हा पंजाब विजेता ठरला. त्यालाही नाही. हाच मिनर्व्हा मालक बदलल्यावर पुढे राऊंडग्लास पंजाब झाला. क्लब विकला जातो तेव्हा त्याचे नावही सौद्यात जाते, ही गोष्ट प्रेक्षकांना विचारून होत नाही.

तेव्हा २०२३ चा विजय हा एका तत्त्वाचा विजय होता, हे निःसंशय. परंतु तो अर्धाच. वर जाण्याचा जिना बांधला गेला, खाली येण्याचा नाही. त्याच हंगामात आय-लीगमधून मुंबईचा केंकरे आणि दिल्लीचा सुदेवा हे संघ खाली फेकले गेले. दुबळ्यांना नियम काटेकोरपणे लागू झाला. सुपर लीगमध्ये मात्र २०२४-२५ चा हंगामदेखील कोणालाही खाली न पाठवता संपला. ज्यांनी शुल्क भरले आहे त्यांची गुंतवणूक सुरक्षित राहिली पाहिजे, हाच त्यामागचा हिशेब असल्याचे दिसते.

आणि विजेत्याचे काय झाले? पंजाबचा संघ वरच्या श्रेणीत गेला आणि त्याचे घरच सुटले. सुपर लीगच्या निकषांत बसणारे मैदान आसपास नसल्यामुळे त्याचे ‘घरचे’ सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, सुमारे अडीचशे किलोमीटरवर, ठेवण्यात आले. पंचकुल्यात पायी मैदानावर येणारा प्रेक्षक, मोहालीच्या कारखान्यातला कामगार, सेक्टरातली शाळकरी मुले यांच्यापासून त्यांचा संघ त्याच्या यशामुळेच दुरावला.

इंग्लंडमध्ये विम्बल्डनच्या मालकांनी २००३ साली क्लब उचलून मिल्टन कीन्सला नेला. तेथील पाठीराख्यांनी त्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःच्या मालकीचा नवा क्लब उभारला, नवव्या श्रेणीपासून आरंभ केला आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पुन्हा प्रवेश मिळविला. तेथे जिना शाबूत होता म्हणूनच हे शक्य झाले. मँचेस्टर युनायटेड हा १८७८ मध्ये रेल्वे कारखान्यातील कामगारांनी आणि आर्सेनल हा १८८६ मध्ये वुलिचच्या दारूगोळा कारखान्यातील कामगारांनी स्थापन केला होता, हेही येथे आठवावे. आज हे दोन्ही क्लब अब्जाधीशांच्या हाती आहेत, ही गोष्ट अलाहिदा.

आपल्याकडेही फुटबॉल गिरणी, रेल्वे आणि कारखान्यांच्या आधारावर वाढला. मुंबईत मफतलाल, ऑर्के यांसारख्या गिरण्यांचे संघ होते. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ होता. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जेसीटीनेच जिंकली. बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन त्या संघात होते. २०११ मध्ये जेसीटीने संघ बंद केला. त्याआधी एक वर्ष, २००५-०६ चे राष्ट्रीय विजेते असलेल्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडलाही कंपनीने टाळे ठोकले. गिरणीचा मालक दयाळू होता असे म्हणण्याचे कारण नाही. तरीही अशा संघांतील खेळाडूला बहुधा नोकरी असे, आणि पाय मोडला तरी चूल विझत नसे. आजचा खेळाडू हंगामापुरत्या कराराचा धनी. महासंघाचा व्यापारी भागीदारांशी २०१० पासून असलेला करार संपुष्टात येऊ लागताच २०२५ मध्ये सुपर लीग नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकली नाही. ऑगस्टमध्ये बंगळूरुच्या क्लबने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबविले. श्रीमंतांच्या दालनाचा पायासुद्धा एका करारावर उभा होता!

मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये नॉलेज सिटी आहे. आयसर, नॅनोविज्ञान संस्था, कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्था अशा सार्वजनिक संस्था तेथे उभ्या राहिल्या. त्या हव्यातच. क्रिकेटसाठी मोहालीत एक स्टेडियम होतेच. मुल्लांपूरला दुसरे बांधले गेले व २०२४ पासून तेथे आयपीएलचे सामने होऊ लागले. म्हणजे जमीन नाही, पैसा नाही, ही सबब टिकत नाही. अडचण दुसरीच आहे. पंचकुला हरियाणात, मोहाली पंजाबात, चंडीगड केंद्राच्या अखत्यारीत. एकाच शहराचे तीन कारभारी. फुटबॉलच्या मैदानावर पुरेसे दिवे, आसने आणि ड्रेसिंग रूम करून देणे हे कोणा एकाचे काम ठरत नाही. या तिन्ही सरकारांकडे ही मागणी एकत्रितपणे नेण्याचे काम तेथील युवक आणि कामगार संघटनांना हाती घेता येईल. त्यासाठी क्लबच्या मालकाची परवानगी लागत नाही.