काच आपणच बसवावी का?

संगमनेरला पुणे-नाशिक रस्त्यावर खडी उडून पुढची काच तडकते आणि गॅरेजवाला मला विचारतो, "घरात कोणी गडीमाणूस नाही का?" मैत्रिणींनो, जुन्या जीपची काच रबरात बसते. रबराच्या खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं. एकीनं बाहेरून काच दाबायची, दुसरीनं आतून दोरी ओढत रबराची कड चौकटीवर चढवायची. ताकद कमी, सबुरी जास्त. हे काम 'पुरुषी' कसं ठरलं, कोण जाणे! ते आपण घरी जरूर करावं.

नव्या मोटारींची काच मात्र चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छताला तिचाही आधार असतो. ती मी कारागिराकडूनच बसवून घेईन, पण शेजारी उभी राहून विचारीन : चिकटद्रव्य कोणतं? किती तास गाडी हलवायची नाही? उत्तर मिळेपर्यंत पैसे देणार नाही.