गाडीचं फुकटचं वजन उतरवा



ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की कळंब, वाशी, भूमकडच्या तुमच्या टायरगाड्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. काट्यावर आधी भरलेली गाडी मोजतात, ऊस उतरल्यावर रिकामी मोजतात. मधल्या फरकाचेच पैसे तुम्हाला मिळतात. गाडीच्या स्वतःच्या वजनाचा रुपयाही कुणी देत नाही, पण बैल ते जातानाही ओढतात आणि येतानाही. म्हणून निघण्याआधी गाडीचं हे फुकटचं वजन उतरवा. त्याला नवी गाडी लागत नाही की नवी उचल लागत नाही.

जुन्या काटापावतीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं, ते बघा. मग गाडी धुऊन काढा, तळाला वाळलेला चिखलही ओझंच आहे. एकावर एक वेल्डिंग केलेल्या पट्ट्या, कामात नसलेले अँगल, भिजून जड झालेल्या फळ्या काढून टाका. खेपेला निघताना वीस लिटरचा भरलेला कॅन घेतला, की वीस किलो वाढले. वाटेत पाणी मिळणार असेल तर तेवढं कशाला न्यायचं? मात्र आस, चाकं, बेअरिंग आणि जुवाच्या जोडाला हात लावू नका. तिथं वजन वाचवायला गेलात तर माणूस आणि बैल दोघांच्याही जिवावर बेतेल.

बेअरिंगला वेळेवर ग्रीस द्या. दोन्ही टायरांत सारखी आणि पुरेशी हवा ठेवा. मऊ टायर ओढायला जड जातो. मोळ्या पुढं जास्त रचल्या तर भार मानेवर येतो, मागं जास्त झाल्या तर जू वर उचललं जाऊन गळ्याला काच बसतो. जू मानेवर हलकं टेकलेलं राहील, अशी गाडी भरा.

चढाचा हिशेब वेगळा असतो. बैल दिवसभर साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढाच जोर लावू शकतो. तीस फुटांत तीन फूट चढणाऱ्या रस्त्यावर दर शंभर किलोमागे दहा किलोचा जोर नुसत्या चढासाठी जादा लागतो. म्हणूनच गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्राच्या 1965 च्या नियमांत, याहून उभा चढ किलोमीटरभर असेल तर ठरलेलं ओझं निम्म्यावर आणायला सांगितलं आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांनंतर विश्रांती हवी आणि पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन बैल जुंपू नयेत, हेही त्याच नियमांत आहे. बालाघाटाच्या चढांवर हे कागदावर राहता कामा नये.

मानेवरचा भार कमी करण्यासाठी इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये 'सारथी' नावाचं आधाराचं चाक बनवलं. ते दोन बैलांच्या मधे, जुवाखाली बसतं. कारखान्यांनी अशी चाकं गाडीवानांना मिळवून द्यावीत. मुकादमांनीही जास्त टनांसाठी गाडी ओव्हरलोड करायला लावू नये.

खेपेला थोडा ऊस कमी बसला तरी चालेल. बैल बसला तर हंगाम बुडतो आणि डोक्यावर उचल तशीच राहते. येत्या रविवारी गाडी धुवा, पाना हातात घ्या आणि नको ते लोखंड उतरवून ठेवा.