फरशी पूल आणि मोठे साहेब

वीकेंडला माणसं ट्रेकला जातात, सिनेमे बघतात, निदान दुपारी झोपतात तरी. मी नकाशे काढतो. तेही फुकट. बायकोच्या मते हा आजार आहे, आणि गेल्या महिन्यापासून मलाही तसंच वाटायला लागलंय.

तर झालं असं. आमचं गाव वाईच्या पलीकडे. गावात शिरण्याआधी ओढ्यावर एक फरशी पूल लागतो. पुण्यातच वाढलेल्या मंडळींसाठी: ओढ्यात सिमेंटचे पाइप टाकायचे, वर काँक्रीट ओतायचं, झाला पूल. कठडे वगैरे लाड नाहीत. जुलैत जोराचा पाऊस झाला की पाणी वरून जातं आणि एसटीसुद्धा मागे फिरते. लोकांनी मिळून बनवलेल्या एका ऑनलाइन नकाशावर (नाव घेत नाही, उगाच भांडण नको) हा रस्ता मात्र बारमाही, झकास. वर तोच जवळचा, म्हणून सगळ्यांना तिकडेच पाठवणार. मी 'पावसाळ्यात पाण्याखाली जातो' अशी नोंद केली, लांबचा पण पक्का रस्ता काढला आणि समाधानाने झोपलो.

सकाळी बघतो तर सगळं गायब! एका सीनियर एडिटरने रिव्हर्ट मारला होता. कारण? सॅटेलाइट इमेजमध्ये पाणी दिसत नाही, पुरावा द्या.

अहो साहेब, ती इमेज भर उन्हाळ्यातली आहे! शेतं करपलेली दिसतायत त्यात. पावसाळी ढगांतून तो फोटो निघत नाही. म्हणजे पूल ज्या दिवसांत बुडतो, नेमका त्याच दिवसांत तुम्हाला दिसत नाही. आणि पुरावा म्हणाल तर मी स्वतः, गुडघाभर पाण्यातून बाइक मागे ढकलत आणलेला. मी परत टाकलं, त्यांनी परत काढलं. तिसऱ्या वेळी रस्त्याला कुलूपच. गावातल्या शाळेच्या मास्तरांना मीच या नादाला लावलं होतं. त्यांनी वस्त्यांची नावं लोक म्हणतात तशी भरली होती, ती 'अनधिकृत' म्हणून उडवली. मास्तर म्हणाले, "तुमचा नकाशा तुम्हालाच लखलाभ." हे मला पुलापेक्षा जास्त लागलं.

आता दुसरी बाजूही मान्य करतो. उघड्या दारातून कोणीही आत येतं. गूगलच्या मॅप मेकरचं काय झालं आठवतंय? एप्रिल २०१५ मध्ये कोणीतरी रावळपिंडीजवळ अॅपलच्या लोगोवर लघवी करणारा अँड्रॉइड काढून ठेवला. मे महिन्यात गूगलने अख्खं एडिटिंग थांबवलं, ऑगस्टमध्ये प्रादेशिक प्रमुख नेमून हळूहळू सुरू केलं, आणि मार्च २०१७ मध्ये दुकानच बंद. तेव्हा कोणीतरी राखण करायलाच हवी, आणि ती करणारेही बिनपगारीच असतात. त्यांच्या कष्टांबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती राखणदाराने मालक होण्याबद्दल. ऑफिसात कोड रिव्ह्यू करणाऱ्याने कोड एकदाही न चालवता 'रिजेक्टेड' लिहिलं तर आपण काय म्हणतो? (छापण्याजोगं नाही.) इथे तेच चाललंय. पन्नास हजार एडिट म्हणजे माउसवर हात बसला आहे, एवढंच. त्याने ओढ्याचं पाणी कळत नाही.

आणि हे काही न सुटणारं कोडं नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा जुना नियमच आहे, की वाद झाला तर जमिनीवर प्रत्यक्ष जे आहे ते खरं. वेझमध्ये नवख्याला मुळात तो जिथे गाडी चालवून आलाय त्याच भागात हात लावता येतो. म्हणजे 'तिथे जाऊन आलेला' या गोष्टीला किंमत आहे, हे नकाशेवाल्यांना माहीत आहे. पण वरच्या पायऱ्या चढल्या की कार्यक्षेत्र वाढतं, कुलपं हातात येतात, आणि जाऊन येण्याची अट तेवढी मागे राहते.

माझं मागणं साधं आहे. रिव्हर्ट करण्याआधी एक प्रश्न विचारा आणि दोन दिवस थांबा. कुलपाला मुदत घाला. अधिकार एडिट मोजून नको, भाग बघून द्या. सातारा जिल्ह्यातल्या ओढ्याबद्दल तिथल्या माणसाचं मत जड धरा. आणि शंका असेल तिथे धोक्याची नोंद ठेवून वाद घाला, काढून नव्हे. नोंद चुकीची निघाली तर कोणाला दहा मिनिटांचा वळसा पडेल. रस्ता चुकीचा निघाला तर? रात्रीची वेळ, मागच्या सीटवर झोपलेली पोरं, आणि फोनमधली बाई सांगतेय 'सरळ जा'.

असो. कुलूप अजून तसंच आहे. मास्तरांनी मात्र गेल्या रविवारी फरशीच्या अलीकडे पत्र्याची पाटी रंगवून लावली: 'पुलावर पाणी असल्यास पुढे जाऊ नये.' ती रिव्हर्ट करायला साहेबांना गावात यावं लागेल. जरूर यावं. फक्त पावसाळ्यात या.