अर्थिंगचे उचंत खाते

मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. वडील कन्नड, आई मराठी आणि शाळा मराठी माध्यमाची. त्यामुळे या अंकाच्या दोन्ही विभागांत थोडीफार लुडबूड करण्याचा हक्क मला आहे असे मी मानते. मात्र बिनतारी यंत्रांच्या विषयात वाणिज्यच्या मुलीने नाक खुपसावे काय, असे विज्ञान शाखेच्या मित्रांना नक्की वाटेल. त्यांना एवढेच सांगते की ज्या दोषाबद्दल मी लिहिणार आहे तो मला हिशेबातला दोष म्हणूनच प्रथम समजला.

आम्ही तेरीज काढतो तेव्हा दोन बाजू जमल्या नाहीत, तर फरकाची रक्कम तात्पुरती एका खात्यात टाकतो. इंग्रजी पुस्तकात त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. बाजारपेठेतले जुने दिवाणजी 'उचंत खाते' म्हणतात. आमचे सर दर वर्षी बजावतात, की उचंत खाते ही सोय आहे, उत्तर नव्हे. चूक कुठल्या वहीत, कुठल्या पानावर झाली हे शोधायचेच असते. पण माणसाचा स्वभाव असा की एकदा फरक उचंतात टाकला की शोध थांबतो. हौशी रेडिओवाल्यांच्या जगात असेच एक उचंत खाते आहे. त्याचे नाव 'अर्थिंग'.

माझे मामा नेपानगरला राहतात. भुसावळ-खांडवा लोहमार्गावरचे हे गाव कागदाच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि आपल्या कित्येक वर्तमानपत्रांचा कागद पुढे तिथून आला. गाव पूर्वी खांडवा जिल्ह्यात होते, २००३ साली बुऱ्हाणपूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. मामांचा सारा जन्म विजेच्या कामात गेला. निवृत्तीनंतर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, कुणाकडून तरी वापरलेला शंभर वॅटचा परदेशी संच घेतला, गच्चीवर बांबूला तारेची अँटेना ताणली आणि वरच्या खोलीत टेबल मांडले. मामींच्या शब्दांत, दुसरी नोकरी सुरू झाली.

गेल्या मे महिन्यात मी तिथे गेले तेव्हा ही नोकरी सुटायच्या बेतात होती. सकाळी सात मेगाहर्ट्झवर मामा बोलत तेव्हा ठीक. पण संध्याकाळी चौदा मेगाहर्ट्झवर लांबच्या ठाण्यांशी बोलायला लागले की आवाज फाटे. गुवाहाटीला नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका कन्नड गृहस्थांशी त्यांची ओळख झाली होती. कन्नड कळणारी भाची शेजारी बसली आहे असे मामांनी सांगताच ते थेट माझ्यासाठी बोलले, "निम्म मामा बायल्ली नीरु इट्टुकोंडु माताडतारा?" म्हणजे, तुझे मामा तोंडात पाणी धरून बोलतात की काय? मला हसू आले. मामांना आले नाही. मला परवाना नाही, म्हणून उत्तर देणे माझ्या हाती नव्हते. आणि उत्तर मामांच्याकडेही नव्हते. गेले सहा महिने ते संध्याकाळचे बोलणे टाळू लागले होते. त्यात मामा बोलू लागले की शेजारच्या काकांच्या टीव्हीचा स्पीकर गुरगुरे, आणि काका अँटेना उतरवा म्हणून दोनदा येऊन गेले होते. शेवटी मामींनी सांगून टाकले, की एक तर हे दुरुस्त करा नाही तर विकून टाका.

दुरुस्ती म्हणजे काय, याबद्दल मामांच्या मनात शंका नव्हती. अंगणात अर्थिंगचे दोन खड्डे आधीच होते, मीठ-कोळसा घातलेले. उन्हाळ्यात माती वाळते म्हणून मामी रोज सकाळी तुळशीनंतर त्या खड्ड्यांनाही बादलीभर पाणी घालत. आता तिसऱ्या खड्ड्याची आखणी चुन्याने झाली होती, तांब्याच्या पट्टीसकट नऊ हजारांचा अंदाज आला होता, आणि मजूर खणायलाही लागला होता. रेडिओवर ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी हेच सांगितले होते, की अर्थिंग कमी पडते आहे.

नऊ हजार म्हटल्यावर माझ्यातला वाणिज्यचा विद्यार्थी जागा झाला. मी म्हटले, "मामा, खर्च टाकायच्या आधी चूक कुठल्या खात्यात आहे ते तर बघू." मामा म्हणाले, "बघ बाई. तुझे कान तरुण आहेत." माझे काम ऐकण्याचे. त्यांचा लहान रिसीव्हर आणि हेडफोन घेऊन मी खालच्या खोलीत बसले, ते वरून बोलत राहिले.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की हा घुमणारा वीजपुरवठ्याचा आवाज नव्हे. पन्नास हर्ट्झची घूं-घूं असती तर मामा गप्प असतानाही आली असती. इथे ते शब्द उच्चारीत तेव्हाच, आणि शब्दांच्याच मापात, आवाज फाटे. शंभर वॅटवरून दहा वॅटवर आणले की तो सुधारे. मग मामांनी अँटेना काढून तिच्या जागी डमी लोड लावला. हा म्हणजे पन्नास ओहमचा एक मोठा रोधक. तो सगळी शक्ती उष्णतेत घालवतो, हवेत जवळजवळ काही जात नाही. पूर्ण शंभर वॅटवरही आवाज स्वच्छ! म्हणजे संच निर्दोष होता, मामांचा घसाही निर्दोष होता. अँटेनेतून बाहेर गेलेली शक्तीच कुठल्या तरी वाटेने घरात परतून मायक्रोफोनच्या आवाजात मिसळत होती. अँटेना परत लावून मामांनी मायक्रोफोनच्या वायरीवर मूठ आवळली, तर आवाज बदलला. वायरीला हात लावल्याने आवाज बदलतो म्हणजे वायरच अँटेनासारखी वागते आहे. चोर सापडला होता, फक्त तो कुठल्या दाराने आत येतो ते कळायचे होते.

मामांच्या कपाटात जिम ब्राऊन या अमेरिकन हौशी अभियंत्याच्या लिखाणाची छापील पाने पडून होती. ती मी दोन दुपारी बसून वाचली. निम्मे डोक्यावरून गेले. उरलेले इतके साधे होते की राग आला.

मायक्रोफोनमधून येणारा आवाजाचा विद्युत्दाब फार लहान, काही मिलिव्होल्टांचा असतो. म्हणून त्या तारेभोवती तांब्याची जाळी असते, बाहेरचे आक्रमण अडवायला. अँटेनेच्या लहरी या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून वाहत संचापर्यंत येतात. इथवर काही बिघडत नाही. ही जाळी संचाच्या पत्र्याच्या पेटीला दारातच जोडलेली असेल, तर तो प्रवाह पेटीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पसरतो आणि आत काय चालले आहे त्याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. पण पुष्कळ संचांत जाळी पेटीला न जोडता प्लगच्या एका पिनेतून आत नेतात आणि छापील मंडलावर, आवाज वाढवणाऱ्या भागाच्या 'ग्राउंड'ला जोडतात. म्हणजे नको असलेल्या पाहुण्याला ओसरीवर थांबवायच्या ऐवजी थेट माजघरात आणून बसवायचे. त्या अरुंद तांब्याच्या रेघेतून जाताना तो जो विद्युत्दाब निर्माण करतो तो आवाजात मिळतो, आणि ट्रान्झिस्टर त्याचे रूपांतर ऐकू येणाऱ्या खरखरीत करतो. जुन्या काळच्या क्रिस्टल रेडिओतला खडा लहरींतून आवाज काढी, अगदी तसे.

या दोषाला 'पिन एकचा दोष' म्हणतात. ध्वनितंत्रज्ञ नील मन्सी यांनी १९९५ साली त्यावर लिहिले. व्यावसायिक मायक्रोफोनच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये पहिली पिन जाळीची असते, त्यावरून हे नाव. जाळी पेटीलाच जोडावी असे मानक २००५ साली ध्वनितंत्रज्ञांच्या संघटनेने काढले. आपल्या स्नेहसंमेलनात हा दोष आपण सर्वांनी ऐकलेला आहे. अध्यक्ष बोलायला उभे राहतात, त्यांचा जुन्या पद्धतीचा मोबाइल व्यासपीठावर माइकजवळ असतो आणि स्पीकर टिर्र-टिर्र-टिर्र करू लागतो. आपण मोबाइलला शिव्या देतो. बहुतेक वेळा दाराशी न थांबवलेली जाळीच त्याला आत घेत असते.

मामांचा संच उघडल्यावर नेमके हेच निघाले. मायक्रोफोनच्या वायरीत जाळीच आवाजाच्या परतीची तारही होती, आणि ती आठ पिनांच्या गोल प्लगमधून सरळ मंडलावर जात होती. प्लगचे धातूचे कवच कशालाही जोडलेले नव्हते. त्यावर कडी म्हणजे पुढच्या पट्टीला सॉकेट जिथे आवळले होते तिथे रंगाचा थर होता; मल्टिमीटरने पाहिले तर सॉकेटचे कवच आणि मागचे अँटेनेचे सॉकेट यांत संपर्कच नाही. कंपनीचे नाव मी सांगत नाही, आणि तो एकाच कंपनीचा गुन्हाही नाही.

मामांनी रंग खरवडला. नवी वायर घेतली, जिच्यात आवाजाची तार आणि तिची परतीची तार, बटणाची तार आणि तिची परतीची तार अशा चार स्वतंत्र तारा होत्या आणि जाळी फक्त आच्छादन म्हणून. जाळी प्लगच्या कवचाला आखूड सोल्डर केली. संच, वीजपुरवठ्याची पेटी आणि ट्यूनर हे तीनही रुंद तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जवळून जोडले. अँटेनेच्या तोंडाशी केबलचे वेढे फेराइटच्या कड्यातून घेतले, कारण केबलच्या बाहेरच्या अंगावरून लहरी घरात येण्याची सुरुवात तिथेच होते. मायक्रोफोनच्या वायरीलाही एका कड्यात सहा वेढे दिले. नुसते एकदा कडे ओवून चौदा मेगाहर्ट्झवर फारसा उपयोग नाही. वेढे वाढले की अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकूण खर्च सातशे ऐंशी रुपये. वही माझ्याजवळ आहे.

आणि ते दोन खड्डे? संचाच्या पाठीमागून खिडकीतून खड्ड्यापर्यंत जाणारी तार मी मोजली. सतरा फूट आणि काही बोटे. चौदा मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे एकवीस मीटर. तिचा चतुर्थांश म्हणजे सव्वापाच मीटर, म्हणजे हेच सतरा-साडेसतरा फूट. एवढ्या लांबीच्या तारेचे खालचे टोक कितीही ओल्या मातीत असले, तरी त्या लहरींपुरते वरच्या टोकाला जमीन जवळजवळ नसल्यासारखीच असते. तार उलट स्वतःच अँटेना होते. सात मेगाहर्ट्झवर तीच तार एवढी वाईट वागत नाही, म्हणून मामांचे सकाळचे ठीक चाले. तिसरा खड्डा खणला असता तरी ती तार सतरा फुटांचीच राहिली असती!

माझे मत स्पष्ट आहे. आपण 'अर्थ' या एकाच शब्दात तीन निरनिराळी कामे कोंबली आहेत. शॉक लागून माणूस मरू नये हे एक, वीज पडली तर तिला बाहेरची वाट मिळावी हे दुसरे, आणि रेडिओ लहरींनी यंत्रात घुसू नये हे तिसरे. पहिल्या दोन्हींना जमीन लागते. तिसऱ्याला जमिनीपेक्षा पत्र्याची पेटी आणि आखूड जोडणी लागते. हवेत उडणाऱ्या विमानातले रेडिओ कुठल्या खड्ड्याला जोडलेले असतात? विज्ञानाच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न विचारावा असे मला फार वाटते. मंडलाच्या आकृतीत जमिनीची ती तीन उतरत्या रेघांची खूण आपण जिथे तिथे काढतो आणि विद्यार्थ्याला वाटते की तिथे पोचलेला प्रवाह गडप होतो. प्रवाह गडप होत नाही. जमेला खर्च असतोच. तो कुठल्या वाटेने परततो ते दाखवले पाहिजे.

या गोंधळाची दुसरी बाजू जास्त भयंकर आहे. खरखर थांबत नाही म्हणून काही लोक तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिनच काढून टाकतात, कारण कुणीतरी सांगितलेले असते की दोष अर्थिंगचा आहे. आवाज कधी कधी सुधारतोही. आणि पुढे पेटीत वीज उतरली तर हात लावणाऱ्याला वाचवायला कुणी उरत नाही. संमेलनाच्या मांडवात असा प्लग मी स्वतः पाहिला आहे. ध्वनिक्षेपकवाल्याला विचारले तर म्हणाला, ताई, त्याने घूं-घूं येते.

कुणी म्हणेल, एका निवृत्त माणसाच्या छंदासाठी एवढी शाई कशाला? डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचे पथक हौशी रेडिओचेच ठाणे घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते. जगभरच्या हौशींशी बोलावे एवढाच हेतू. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले आणि त्याच छंदाच्या ठाण्यावरून अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. अशा वेळी समोरच्याला नाव नीट ऐकू आले नाही, तर कुणाच्या तरी घरी चुकीची बातमी जाते. आवाज फाटतो आहे का हे तपासायची वेळ ती नव्हे. ती मे महिन्यातली रिकामी दुपार असते.

शेजारच्या काकांचा टीव्ही अजून थोडा गुरगुरतो. त्यांच्या स्पीकरच्या तारांना फेराइटची कडी घालायची आहेत, पण ते मामांना अजून घरात घेत नाहीत, म्हणून ते काम मामींकडे सोपवले आहे. गुवाहाटीचे गृहस्थ मात्र पहिल्याच संध्याकाळी म्हणाले की आज पाणी गिळले वाटते. आणि तिसरा खड्डा अर्धा खणून झाला होता, मीठ-कोळसा घालायचा राहिला होता, तो मामींनी ताब्यात घेतला. त्यात आता कढीपत्ता लावला आहे.