हौसेचे मोल

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. ते बहुधा मोल विचारण्याचे धैर्य नसते म्हणून. जीपगाडी उंचावून घेणाऱ्यास 'किती पडले?' असे विचारावे, तर उत्तर तत्परतेने मिळते. नुसते स्पेसर बसवले तर काही हजार, नव्या स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा संपूर्ण संच घेतला तर लाखभर. आमच्या मते हे खर्चाचे केवळ पहिले पान होय.

२०२० साली बाजारात आलेली महिंद्राची थार घ्या. जमिनीपासून तिची उंची कारखान्यातूनच २२६ मिलिमीटर आहे. स्प्रिंगा दोन इंच उंचावल्या की गाडीचे धड वर जाते. पण मागचा ॲक्सल अखंड असल्याने त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तेथेच राहतो, आणि दगडाची गाठ त्याच्याशीच पडते. तो वर न्यायचा तर मोठे टायर हवेत. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवला तरी पदरात पडतो एकच इंच. जड टायर फिरवताना आणि थांबवताना इंजिन व ब्रेक दोहोंवर अधिक ताण येतो. व्यास दहा टक्क्यांनी वाढला, की काटा ६० दाखवीत असताना गाडी ६६ च्या वेगाने धावत असते. इकडे पुढच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट अधिक तिरके होऊन त्यांचे सांधे लवकर झिजतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, दुसरे काय!

उंची व्यर्थ आहे, असे आमचे म्हणणे नाही. खड्या चढाच्या पायथ्याशी गाडीचे नाक घासू नये, उंचवट्यावर पोट अडकू नये, यासाठी ती उपयोगी पडतेच. पण बहुसंख्य उंचावलेल्या गाड्यांना असा चढ क्वचितच भेटतो. त्यांचे आयुष्य डांबरी रस्त्यावर जाते.

कायद्याचे पानही उलटून पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक अवैध बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली.

तथापि आम्हांस सलतो तो याहून वेगळा खर्च. गुरुत्वमध्य वर गेला की घाटातल्या वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. तो मागच्या आसनावरील मुलांच्या वाट्यालाही येतो. बॉनेट उंचावले की त्याच्यापुढून जाणारे लहान मूल चालकाला दिसेनासे होते. या मंडळींना कोणी दर विचारलेला नसतो. हौस एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही. ज्याला खरोखर कातळ चढायचा आहे त्याने हिशेबाची सारी पाने वाचून खुशाल गाडी उंचवावी. बाकीच्यांनी ते दोन इंच जमिनीलगतच राहू द्यावेत.