नाव विसरले, गोष्ट विसरली नाही

ज्या घरात पुस्तकांचे कपाट असते, त्या घरातले लहानपणीचे पुस्तक सहसा हरवत नाही. पन्नाशीला आलेला माणूस माळ्यावरची पेटी उतरवतो, धूळ झटकतो आणि पुस्तक हातात घेतो. त्याला ते कोणाला विचारावे लागत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचे तसे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहायची, तिथे दप्तराला खुंटी मिळाली तरी पुष्कळ. गोष्टीचे पुस्तक यायचे ते शाळेच्या पेटीतून, वाचनालयातून, नाहीतर शेजारच्या मुलाकडून दोन दिवसांच्या बोलीवर. वाचून झाले की परत. पुस्तक गेले, मनात गोष्ट तेवढी राहिली. लेखकाचे नाव कोणता मुलगा ध्यानात ठेवतो? एखादे चित्र आठवते, एखादा प्रसंग आठवतो, वाचताना आलेले हसू आठवते. पुढे नातवंडे झाली की वाटते, ते पुस्तक याला दाखवावे. पण मागायचे कसे? नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही, प्रकाशक तर मुळीच नाही.

वाचकहो, आमचे सांगणे असे की, अशा वेळी ग्रंथालयाच्या बालविभागात जाऊन खुशाल विचारा. अर्धवट आठवणीवरून पुस्तक शोधून देणे हा ग्रंथपालाने केलेला उपकार नव्हे. ते त्याचे कामच आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमाचा आशय असा, की प्रत्येक वाचकापर्यंत त्याचे पुस्तक पोचले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाला पुस्तकाचे नाव पाठ असले पाहिजे, अशी अट या नियमांत कुठे नाही.

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत मुलांच्या विभागासाठी वेगळे ग्रंथपाल नेमण्याची प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात अॅन कॅरोल मूर या बाईंनी १९०६ ते १९४१ अशी पस्तीस वर्षे हा विभाग सांभाळला. तिकडे मोठी माणसेही बालविभागात येतात आणि लहानपणीच्या पुस्तकाची चौकशी करतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या काही ग्रंथालयांत स्वतंत्र बालविभाग असतो. लहान गावी एकच माणूस कुलूप उघडतो, वर्तमानपत्रे मांडतो आणि पुस्तकेही देतो. पण शोधण्याची रीत दोन्हीकडे एकच.

ही रीत आम्हाला फार परिचयाची वाटते, कारण आम्ही हिशेबाच्या टेबलावर वीस वर्षे काढली आहेत. कोणी येतो आणि म्हणतो, साहेब, मागे माझे एक बिल पास झाले होते, त्याचा कागद पाहिजे. बिलाचा नंबर नसतो, तारीख नसते. तेव्हा आम्ही विचारतो, पावसाळ्याच्या आधी की नंतर? सही करणारे साहेब कोण होते? पैसे एकदम मिळाले की दोन हप्त्यांत? चार उत्तरांवरून वर्ष निघते, वर्षावरून रजिस्टर निघते, रजिस्टरवरून कागद निघतो. पुस्तकाचेही तसेच आहे.

आमच्या वस्तीत एक ताई आहेत. महापालिकेच्या सफाई खात्यात नोकरी करतात. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. नात पहिलीत गेली तेव्हा त्यांनी आमच्याजवळ विषय काढला आणि आम्ही त्यांना एका ग्रंथालयाच्या बालविभागात घेऊन गेलो.

"मॅडम, हत्तीचं पुस्तक पाहिजे. नाव नाही आठवत," ताई उभ्यानेच म्हणाल्या.

ग्रंथपाल बाईंनी संगणकाकडे पाहिलेही नाही. खुर्ची पुढे केली. "बसा ताई. कधी वाचलं होतं?"

"मी नाही वाचलं. शाळेत आमच्या बाई वाचून दाखवायच्या. तिसरीला होते."

"साल कोणतं असेल?"

"साल नाही सांगता येत. माझा धाकटा भाऊ पाळण्यात होता."

भावाच्या वयावरून हिशेब केला. १९८३ च्या आगेमागे. म्हणजे त्यानंतर निघालेली सगळी पुस्तके बाजूला पडली.

"पुस्तक केवढं होतं?" ताईंनी हातांनी माप दाखवले. वहीएवढे, पातळ. बाई पुस्तक मुलांकडे वळवून धरायच्या, म्हणजे पानभर चित्रे आणि मजकूर थोडा.

"हत्ती काय करतो गोष्टीत?"

"हत्ती नाही, हत्तीण. तिला स्वतःचा रंग आवडत नाही. मग बाकीच्या जनावरांचे रंग अंगावर घेते." ताई थोडे थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला वर्गात पोरं काळी म्हणून चिडवायची. त्या दिवशी बाईंनी पेटीतून तेच पुस्तक काढलं."

ग्रंथपाल बाई यावर काही बोलल्या नाहीत. मात्र त्यांचा तर्क चालू होता. त्या काळात शाळेच्या पेटीत येणारी स्वस्त, पातळ, मोठ्या चित्रांची पुस्तके कोणाची? १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला त्यांच्या डोळ्यांपुढे आली. या मालेतील पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघतात आणि किंमत कमी असल्याने शाळांपर्यंत पोचतात. त्या आत गेल्या आणि हत्तींची तीन पुस्तके घेऊन आल्या. हेच तुमचे, असे त्यांनी म्हटले नाही. तिन्ही पुढ्यात ठेवली आणि गप्प राहिल्या. ताईंनी दुसरे उघडले, दोन पाने उलटली आणि बोट ठेवले. "हीच." ती मिकी पटेल यांची हत्तीण रूपा होती. प्रत नव्या छपाईची होती, पण चित्र तेच.

या साध्या प्रसंगात शोधण्याची सगळी विद्या आली. नाव विचारून सुरुवात करायची नाही. काळ, जागा, आकार आणि मग गोष्ट, या क्रमाने जायचे. वाचकाच्या तोंडात आपले उत्तर घालायचे नाही, कारण अडचणीत सापडलेला माणूस कशालाही होय म्हणतो. आणि शेवटची ओळख वाचकालाच पटवू द्यायची.

आठवणीलाही खोडी असतात, त्या ग्रंथपालाला माहीत असाव्या लागतात. पुष्कळ जण सांगतात, पुस्तक लाल होते. पण वाचनालयात पुस्तक फाटले की ते बांधणीला जाते आणि मूळ मुखपृष्ठ निघून लाल किंवा निळे कापड चढते. म्हणजे आठवतो तो रंग बाइंडरचा. रंगापेक्षा आतले चित्र अधिक खात्रीचे.

दुसरी खोडी अशी की, जे पुस्तक म्हणून आठवते ते कधी पुस्तक नसतेच. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा आठवत असेल, तर ते बहुधा चांदोबातले चित्रकार शंकर यांचे विक्रम-वेताळाचे चित्र. चांदोबा मराठीत १९५२ साली सुरू झाला. आता तो छापून येत नाही. काही गोष्टी शाळेच्या वाचनमालेतला धडा असतात, काही किशोर मासिकातल्या. किशोर बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केले. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. घरातल्या मुलाच्या मोबाइलवर आजी-आजोबांनी आपल्या वेळचा अंक उघडून पाहावा.

तिसरी गोष्ट भाषांतराची. पृथ्वीच्या पोटात उतरणाऱ्या किंवा चंद्राकडे निघालेल्या माणसांची मराठी गोष्ट आठवत असेल, तर मूळ लेखक फ्रान्सचा जूल व्हर्न असण्याचा संभव मोठा. त्याच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या. तोंडाने ट्टॉक असा आवाज काढणारा, सायकलवरून भरधाव जाणारा फुरसुंगीचा मुलगा आठवत असेल, तर तोही भागवतांचाच फास्टर फेणे. गुळगुळीत कागद, सुरेख रंगीत चित्रे, बर्फ आणि पोरांची परकी नावे एवढेच आठवत असेल, तर मॉस्कोच्या प्रगती किंवा रादुगा प्रकाशनाची मराठी पुस्तके आधी पाहावीत. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला आणि ही पुस्तके येणे बंद झाले. ती आता जुन्या वाचनालयांत आणि रद्दीवाल्यांकडेच सापडायची.

तर्क खुंटला म्हणजे कागदपत्रे. प्रत्येक ग्रंथालयात दाखल रजिस्टर असते. पुस्तक आले त्या दिवशी त्याला दाखल क्रमांक मिळतो. लेखक, नाव, प्रकाशक आणि किंमत समोर लिहिली जाते. साल कळले की त्या सालाची पाने चाळता येतात. फार जुन्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची नोंद आहे. शिवाय १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यात मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय येते. सगळे प्रकाशक नेमाने पाठवतात असे नाही, तरी शोधायला एक ठिकाण आहे.

इतके मार्ग असताना आमच्या माणसाला अनुभव कोणता येतो? एका वाचनालयात आम्ही एका म्हाताऱ्या गृहस्थांसोबत गेलो होतो. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता सांगितले, नाव लिहून आणा, मग या. गृहस्थ निमूट जिना उतरले आणि पुन्हा त्या दारात गेले नाहीत. ज्याला नाव ठाऊक आहे तो दुकानातही जाईल. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठीच तर ग्रंथपाल आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. तो पैसा तुमच्या आमच्या कराचा आहे. तेव्हा विचारताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

मात्र जाण्याआधी आपणही थोडी तयारी करावी. एका कागदावर लिहावे: आपण कितवीत होतो, गाव कोणते, पुस्तक कोणी दिले, जाड की पातळ, चित्रे रंगीत की काळी-पांढरी, कोणता प्रसंग पक्का आठवतो आणि कोणता अंधुक. लिहिता येत नसेल तर मुलाला सांगून लिहून घ्यावे. भावंडांना विचारावे, एकाला चित्र आठवते, दुसऱ्याला शेवट.

आणि हे लांबणीवर टाकू नये. जागा अपुरी पडली की वाचनालये जुनी पुस्तके निर्लेखित करतात, म्हणजे रजिस्टरवर बाद असा शेरा पडून ती रद्दीत जातात. मुलांची पुस्तके सगळ्यात आधी फाटतात, म्हणून आधी बाद होतात. कोणी मागितलेले पुस्तक मात्र पुन्हा शिवले जाते, पुन्हा मांडले जाते. आपण मागितलेच नाही, तर ते कोणाला हवे होते हे ग्रंथपालाला कळणार कसे?

एक काम मात्र आजपासून घरी करता येण्यासारखे आहे. किराण्याच्या हिशेबाची वही आपल्याकडे असतेच. तिच्या मागच्या पानांवर, मुलाने वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक आणि तारीख लिहून ठेवायला लावा. पुस्तक परत गेले तरी नोंद घरात राहील. चाळीस वर्षांनी त्या मुलाला आपली हत्तीण शोधायची असेल, तेव्हा त्याला भाऊ पाळण्यात कधी होता, असा हिशेब करावा लागणार नाही.