त्वचेची खोली आणि मलमाची ट्यूब

दूध तापविले असता त्यावर सायीचे थर धरावेत, त्याप्रमाणे गर्भशरीरावर त्वचेचे सात स्तर निर्माण होतात, असे सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. अवभासिनीपासून मांसधरेपर्यंत प्रत्येक स्तराची जाडी व्रीहीच्या प्रमाणात देऊन तेथील व्याधीही नमूद केले आहेत. चरकाचार्य सहा स्तर मानतात व चौथा स्तर दद्रूचे अधिष्ठान समजतात. या स्तरांची सूक्ष्मदर्शकातील स्तरांशी तंतोतंत जुळणी करण्याचा अट्टहास आम्हांस मान्य नाही. परंतु व्याधीची खोली जाणल्यावाचून चिकित्सा करू नये, हे तत्त्व दोन्ही शास्त्रांस समान आहे.

या तत्त्वाची कसोटी आज गजकर्णाच्या रुग्णावर लागते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तापलेल्या सळ्यांजवळ राबणारा कामगार असो वा उन्हात खपणारा शेतमजूर, घामाने भिजलेल्या जांघेत खाज सुटली की तो प्रथम औषध दुकानाची पायरी चढतो आणि स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली ट्यूब घेऊन परततो.

येथे खोलीचा विचार करावा. गजकर्णाची बुरशी बाह्यत्वचेच्या वरच्या, मृत केराटिनात वाढते. लाली व सूज मात्र खालच्या अंतस्त्वचेतील रक्तवाहिन्यांची प्रतिक्रिया असते. स्टेरॉइड ही प्रतिक्रिया दडपते; खाज थांबते, पण बुरशी निर्धास्त पसरते व चट्ट्याचे मूळ रूपही ओळखू येईनासे होते. त्याच वेळी अंतस्त्वचेतील तंतुजनक पेशींची कोलॅजन निर्मिती मंदावते. हे कोलॅजन अंतस्त्वचेच्या शुष्क वजनाच्या सुमारे ७० टक्के असते. त्वचा विरते, शिरा दिसू लागतात, जांघेत रुंद भेगांसारखे पट्टे पडतात. बाह्यत्वचा सुमारे चार आठवड्यांत नवी होते. अंतस्त्वचेतील हे पट्टे मात्र कायमचे राहतात.

सुश्रुताचार्यांनी दिलेली मापे मांसल स्थानांची आहेत, कपाळ व बारीक बोटांची नव्हेत, असे त्यांनीच स्पष्ट केले आहे. स्थानपरत्वे त्वचा बदलते, हा तो इशारा होय. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण हाताच्या पुढील भागापेक्षा वृषणाच्या त्वचेत सुमारे ४२ पट आढळले होते. नाजूक जागी तीव्र मलम देणे म्हणूनच अधिक घातक.

२०१८ मध्ये केंद्र शासनाने बाह्योपचाराची १४ स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’च्या कक्षेत आणली, चिठ्ठीवाचून त्यांची विक्री बेकायदेशीर आहे. ‘आम्ही न दिल्यास शेजारचा देईल’, हा औषध विक्रेत्या बंधूंचा युक्तिवाद व्यवहारी असला तरी समर्थनीय नाही. ग्राहकाची फसगत शेजाऱ्याने करण्याआधी आपण करावी, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

वैद्यवर्गानेही आत्मसंतुष्ट राहू नये. पूर्वी कोणती ट्यूब किती काळ लावली, हे प्रत्येक त्वचारुग्णास विचारून नोंदवावे. चट्ट्याची संवेदना तपासावी. ती लोपली असल्यास कुष्ठरोगाच्या शंकेने रुग्णास विनाविलंब शासकीय रुग्णालयात पाठवावे. आणि आयुर्वेदीय म्हणून दिलेल्या मलमात स्टेरॉइड मिसळणाऱ्यास आपल्यात स्थान नसावे. वरचा वर्ण उजळला एवढ्याने त्वचा बरी झाली असे मानणारा वैद्य सातांपैकी पहिल्याच स्तरापाशी थांबलेला असतो.